एवाल्डच्या अंगठ्याचा निकाल

जर्मनीतल्या झोलिंगन गावात एकवेळ पाद्रीबाबांचा शब्द खाली पडेल, पण पात्यांच्या बाबतीत एवाल्ड राउटेनबाखचा शब्द पडायचा नाही. हे गावाला कुणी सांगितलं? एवाल्डनेच. पन्नास वर्षं तो धारेच्या चाकापुढे बसलेला. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन खंजीर कुणीही घेऊन यावं, हा पातं अंगठ्याच्या नखावर टेकवणार, हलकेच दाबून ते कसं लवतं ते बघणार आणि अस्सल की नक्कल ते किमतीसकट सांगून मोकळा होणार. संग्राहक मुकाट्याने मान डोलवायचे.

एक गोष्ट मात्र त्याने बायकोलाही कधी सांगितली नव्हती. त्र्याहत्तर साली एका गल्लीतल्या कारखान्याच्या मालकाकडे त्याने वर्षभर असले खंजीर स्वतःच्या हाताने बनवले होते. युद्धातून उरलेल्या मुठी आणि त्यांवर नवी पाती. जर्मनीत तैनात असलेले अमेरिकन सैनिक आठवण म्हणून ते हातोहात उचलायचे. पात्यावर नाव असलं की भाव दुप्पट, म्हणून मालकाने कब्रस्तानातल्या युद्धस्मारकावरून मेलेल्यांची नावं उतरवून आणली आणि एवाल्डने ती डोळे झाकून कोरली. मेलेली माणसं तक्रार करत नाहीत, असं मालक म्हणायचा.

मागच्या रविवारी लोथारने त्याला कॉफीला बोलावलं. लोथार ब्य्योकर हा त्याचा शाळेपासूनचा मित्र, विजेच्या तारांखाली धावणाऱ्या बसचा निवृत्त ड्रायव्हर. टेबलावर गरम चेरी घातलेले वाफल होते, दूधभात होता, तीन पायांची किटली थेंब थेंब गळत होती, आणि मधोमध हिटलरच्या खास एसएस दलाचा काळ्या मुठीचा खंजीर होता. मुठीवरच्या स्वस्तिकावर लोथारची नात यूले हिने जखमेची पट्टी चिकटवली होती. ते चिन्ह दाखवायला बंदी आहे, त्या कायद्यासाठी म्हणा, नाहीतर घास घशाखाली उतरावा म्हणून म्हणा.

अमेरिकेतल्या कुणा भल्या माणसाने ‘तुमच्या घरातली वस्तू’ म्हणून तो पाठवला होता. पात्यावर नाव होतं हेल्मूट ब्य्योकर. लोथारचा बाप. लोथार दोन वर्षांचा असताना तो युद्धावर गेला आणि परत आलाच नाही. फौजेत तो घोड्यांना चारा घालायचा, एवढं आई सांगायची. कागदपत्रं बॉम्बमध्ये जळाली. उरला होता भिंतीवरचा एक फोटो, बाप आणि एक हडकुळा घोडा.

एवाल्डने पातं नखावर टेकवून हलकेच दाबलं. टोकाजवळ बारीकशी लाट होती. ही लाट जगात एकाच माणसाच्या पात्याला यायची, कारण तरुणपणी चाकात चिरडून वाकडा झालेला डावा अंगठा खुद्द एवाल्डचाच होता.

समोर लोथारचे डोळे भरून आले होते. एवाल्डला वाटलं, बिचाऱ्याला बापाची एवढी एकच वस्तू मिळाली, ती कशाला हिरावून घ्या? शिवाय स्वतःचं बिंगही झाकलेलं राहील.

“शंभर नंबरी अस्सल,” तो म्हणाला. जिभेला हाड नसतं, ती पुढे धावली. “आठ हजार युरो कुठे गेले नाहीत. आणि असा खंजीर कुणा सोम्यागोम्याला मिळत नसे बरं का लोथार. निष्ठा पारखून द्यायचे. तुझा बाप साधासुधा माणूस नव्हता!”

टेबलाशी बसलेल्या यूलेने काटा खाली ठेवला. “मग आजोबा, घोड्यांचं सगळं खोटंच ना?” असं म्हणून तिने कोट उचलला आणि ती निघून गेली.

लोथारने गळत्या किटलीखाली बशी सरकवली. “मला वाटलं होतं तू नक्कल म्हणशील,” तो म्हणाला. “त्याचसाठी तुला बोलावलं होतं रे.”

करायला गेलो गणपती अन् झालं माकड! रात्रभर एवाल्डचा डोळा लागला नाही. सकाळी उठून तो लोथारकडे गेला आणि त्र्याहत्तर सालापासूनचं सगळं ओकला. मालक, स्मारक, नावं, अंगठा. लोथारने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“माझ्यासाठी स्वतःला चोर म्हणवून घेतोस? मित्र असावा तर असा.”

एवाल्ड इरेला पेटला. लोथारला ओढत आपल्या तळघरात नेऊन त्याने चाक सुरू केलं, म्हणाला, तसंच पातं आत्ता करून दाखवतो. पण ऐंशी वर्षांचे हात! पात्याची करवत झाली. लोथारने चाकाचं बटण स्वतः बंद केलं आणि म्हणाला, पुरे आता, हात कापून घेशील.

लोथारच्या भिंतीवर आता एक पांढरा चौकोन उरला आहे. फोटो गुरुवारच्या रद्दीत गेला, घोड्यासकट. यूले तरीही अजून आलेली नाही.

या रविवारी एक अनोळखी गृहस्थ एवाल्डच्या दारात उभे राहिले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला खंजीर. म्हणाले, लोथार ब्य्योकरने पाठवलंय. तो म्हणाला, हा माणूस मित्रासाठी स्वतःवर आळ घेईल, पण खंजिराबद्दल खोटं बोलणार नाही.

एवाल्डने सवयीने पातं नखावर टेकवलं. टोकाजवळ तीच लाट.

“आधी मला एक सांगा,” त्याने विचारलं, “तुम्हाला हा कसा निघायला हवाय?”