डिक्शनरीचं पान चारशे बारा

कचेरीतल्या नाताळच्या जेवणात कुणीतरी मेपलच्या पाकातल्या घेवड्याचं भांडं नगरपालिकेच्या फ्रेंच-इंग्रजी शब्दकोशावर ठेवलं. भांडं कलंडलं आणि कोशाचा पहिला अर्धा भाग कायमचा चिकटून बसला. म्हणजे इंग्रजीतून फ्रेंचमध्ये अजून जाता येत होतं, पण परत येता येत नव्हतं. दोन दिवस तो सुकवायचा प्रयत्न करून भाषांतरकार ह्युगेत लालोंद यांनी जड मनाने तो कचऱ्यात टाकला.

खरं म्हणजे बावीस वर्षांत ह्युगेतबाईंनी तो फारसा उघडलाच नव्हता. कोशाचं काम वेगळंच होतं. सेंट-फ्लोरां गावात प्रत्येकाला दोन्ही भाषा येतात. म्हणजे प्रत्येकाला दोन्ही भाषांत दुसऱ्याच्या चुका काढता येतात. कुणी चूक घेऊन आलं की बाई कोशावर तळहात ठेवून शांतपणे म्हणत, "डिक्शनरीत आहे." बारा सेंटिमीटर जाडीच्या पुस्तकाशी वाद घालायची कुणाची छाती होत नसे.

आता टेबल मोकळं होतं. पहिल्याच सोमवारी नगरसेवक डग मॅकगिलिव्हरे नोटिशीचा कागद नाचवत आले.

"बाई, बर्फ काढायच्या दिवशी गाड्या रस्त्यावर लावू नका, एवढंच सांगायचंय ना? मग हे असलं इंग्रजी कशाला?"

"काय झालं त्याला?"

"आमची आई असं बोलत नसे."

"डिक्शनरीत आहे."

"दाखवा."

बाईंचा तळहात पडला तो टेबलावरच्या धुळीत कोशाच्या जागी उरलेल्या स्वच्छ चौकोनावर. त्यांनी नोटिशीचा कागद परत घेतला.

नोटीस अडकली. एका भाषेतली नोटीस लावायची नाही, लावायची तर दोन्ही एकदम, एकाच मापाच्या अक्षरांत, असा नियम. नोटीस नाही म्हणून लोकांनी गाड्या रस्त्यावर लावल्या. गाड्या आहेत म्हणून बर्फ काढणारा नांगर मधूनच गेला आणि त्याने सगळं बर्फ दोन्हीकडच्या गाड्यांवर लोटलं. त्यातली एक नगराध्यक्ष आर्मां ब्रिसबुआ यांची होती. ती कुठली, हे त्यांना खणून बघावं लागलं. तिसऱ्या ढिगाऱ्यात सापडली.

नगराध्यक्षांनी तातडीने शब्दकोश निवड समिती बोलावली. समितीत ते स्वतः, डग, आणि टिपण घ्यायला ह्युगेतबाई. समोर दोन कोश: एक पॅरिसचा, एक लंडनचा.

समोरच्याच्या भाषेत बोलायचं, ही गावाची जुनी सभ्यता. त्यामुळे फ्रेंच नगराध्यक्ष इंग्रजीत बोलले आणि इंग्रज डग फ्रेंचमध्ये.

"पॅरिसचा घेऊ," नगराध्यक्ष म्हणाले. "भरदार आहे."

"त्यात आपल्याकडचा लोकरी टोपीचा शब्द शोधून दाखवा, साहेब. नाही सापडायचा. डोकी गारठवणाऱ्यांचा कोश काय कामाचा?"

"मग लंडनचा घ्यायचा? ते गाडीच्या डिकीला बूट म्हणतात! माझी डिकी बर्फाखाली आहे, डग, बूट माझ्या पायात आहेत."

"मला कुठलाही चालेल," ह्युगेतबाई हळूच म्हणाल्या. "फक्त जाड हवा."

दोघांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. बाईंना शब्दकोशातलं काय कळतं, असा तो भाव होता.

चार तासांनी पॅरिसचा कोश घ्यायचं ठरलं. ठराव पक्का व्हायला इतिवृत्त दोन्ही भाषांत मंजूर व्हावं लागतं. बाईंनी ते लिहून आणलं.

"मी 'भरदार' म्हणालो होतो," नगराध्यक्ष कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "तुम्ही फ्रेंचमध्ये 'जाडजूड' लिहिलंय."

"तसंच होतं त्याचं."

"डिक्शनरीत दाखवा."

"साहेब, डिक्शनरीच तर घ्यायचीय!"

"ती इतिवृत्त मंजूर झाल्याशिवाय कशी घेणार? आणि घेतल्याशिवाय उघडणार कशी?"

मग नगराध्यक्षांनी निकाल दिला. "शुक्रवारपर्यंत मार्ग काढा, मादाम. नाहीतर हे काम आम्ही ओटावाच्या एखाद्या कंपनीला देऊ. त्यांच्याकडे डिक्शनऱ्या असतील."

निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. बाई घरी आल्या त्या थेट नवऱ्याच्या गॅरेजमध्ये. रेजां बर्फावरच्या स्कूटर दुरुस्त करायचा.

"रेजां, तुझ्याकडचं सगळ्यात जाड पुस्तक कुठलं?"

"सुट्या भागांचा कॅटलॉग. का गं? काय बिघडलंय?"

"नोकरी."

शुक्रवारी बाईंच्या टेबलावर खाकी कव्हर घातलेला जाडजूड ग्रंथ होता. डग आले, थबकले, पण मागे हटले नाहीत.

"नवीन?"

"माझा घरचा आहे." बाईंनी तळहात ठेवला. "नोटिशीतलं इंग्रजी डिक्शनरीत आहे."

"बघू तर."

त्यांनी पुस्तक ओढलं आणि मधेच उघडलं. बाईंनी डोळे मिटले. पानावर डावीकडे फ्रेंच, उजवीकडे इंग्रजी होतं, या देशात सकाळच्या मक्याच्या पोह्यांच्या खोक्यावरही असतं तसं. डग वाचत राहिले. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी अलगद पुस्तक मिटलं.

"पान चारशे बारा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "माझ्या स्कूटरचा पट्टा. सहा वर्षं शोधतोय, बाई. सगळे म्हणतात, आता बनत नाही."

"मग नोटीस?"

"कसली नोटीस? अगदी बरोबर आहे तुमची नोटीस."

दुपारी नोटीस लागली. समितीची बैठक पुन्हा भरली, तेव्हा डग उभे राहिले. "साहेब, नवीन डिक्शनरी कशाला? बाईंच्या डिक्शनरीला तोड नाही. मी स्वतः बघितलीय. जे कुठेच सापडत नाही, ते तिच्यात आहे."

ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्तातला एकही शब्द कुणी अडवला नाही.

पाच वाजता ह्युगेतबाई कोट चढवत होत्या, तेव्हा दार किलकिलं झालं. नगराध्यक्ष आत आले, मागे पाहून त्यांनी दार लावलं आणि समितीतलं इंग्रजी सोडून फ्रेंचमध्ये, आवाज खाली आणून विचारलं, "मादाम, डग म्हणत होता... जुन्या पिवळ्या मॉडेलचा कार्ब्युरेटर मिळेल का हो?"

ह्युगेतबाईंनी खाकी कव्हरवर तळहात ठेवला.

"डिक्शनरीत आहे," त्या म्हणाल्या.