इवायाचा दाढीवाला

माझ्या बायकोच्या पुण्यानुमोदनाला, पंगत बसली असताना, सुखदेवजी एकेका माणसासमोर वाकून विचारत होते की अमेरिकेत दाढीवाला निवडून येतो की पडतो. कोणी गेलेल्या बाईची आठवण काढून डोळे पुसत होतं, कोणी मीठ मागत होतं, आणि हा माणूस वरणाच्या बादलीमागं बादलीसारखा फिरत होता. माझ्या म्हाताऱ्या चुलतसाळ्यानं घास थांबवून उलट विचारलं, "कोन्या समाजाचा हाय तो?"

सुखदेवजी म्हणाले, तिकडं तसं नसते.

"मंग मत कायच्यावर देतेत?" चुलतसाळा म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला.

मी तिथल्या तिथं बोललो. "इवाई, बाई माही मेली. अमेरिका नाई मेली." तेव्हा ते कोपऱ्यात खुर्चीवर जाऊन बसले. बसले म्हणायचं फक्त. गुडघे हलत होते.

सुखदेवजी माझे इवाई, म्हणजे माझ्या सुनेचे वडील. मी आंजीला राहतो, ते आर्वीला. आर्वीच्या धान्य बाजारात एका अडत्याकडे लिलाव पुकारण्यात त्यांचा जन्म गेला. सोयाबीनचे ढीग लागले की हे पुढं, व्यापारी मागं. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, तळाची मूठ काढायची, एक दाणा दाताखाली फोडायचा, आणि मग आवाज टाकायचा. त्या आवाजानं बाजारातली कबुतरं उडत. काम सुटलं, पण हाताची सवय सुटली नाही. कोणाच्याही घरी जा, पोतं दिसलं की हात आत. माझ्या प्रशांतला पाहायला आले तेव्हा मुलाकडं नंतर पाहिलं, आधी ओसरीवरच्या माझ्या सोयाबीनमध्ये हात घातला. दाणा फोडून म्हणाले, "ओल हाय. पन घर चांगलं हाय." असं लग्न जुळलं.

त्यांची मुलगी सुजाता सेवाग्रामला नर्सचं शिकली. माझा प्रशांत कॉम्प्युटरवाला. दोघं अमेरिकेत गेले, तिथंच आमची नात मैत्री जन्मली. त्यांचं तिथं राहणं परवान्यावर. परवाना संपत आला की नवा मागायचा. बायको गेली तेव्हा नेमका अर्ज टाकलेला होता. तिथल्या वकिलानं सांगितलं, देशाबाहेर पाय टाकाल तर परत घेतील याची खात्री नाही. प्रशांतनं आईची चिता मोबाईलवर पाहिली. मोबाईल माझ्या पुतण्यानं धरला होता, धुरानं त्याला खोकला यायचा आणि चित्र हलायचं.

हे सांगणं भाग आहे, नाहीतर दाढीवाल्याचं कळणार नाही.

दाढीवाला म्हणजे तिकडच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतला उमेदवार. त्याचं नाव मला बोलता येत नाही. सुखदेवजींना येतं, पण ते दर वेळी वेगळं येतं. त्याच्या दोन गोष्टी. एक, देशातल्या हरेक वयात आलेल्या माणसाला, तो काम करो की न करो, सरकार दर महिन्याला ठरलेले पैसे देणार. दुसरी, बाहेरून आलेल्यांना दार बंद. ज्याचा परवाना संपला त्याला नवा नाही, बिऱ्हाड उचला आणि चालते व्हा. सुखदेवजी याला दोन ढीग म्हणत. पैसेवाला ढीग आणि दारवाला ढीग. "ढिगाले वरून नाई पाहत," असं म्हणून ते मोबाईलवर हिंदीतली भाषणं पाहत, कानाजवळ धरून, जसं काही आतून दाण्याचा आवाज येणार आहे.

दर बाजाराच्या दिवशी ते आर्वीहून वर्ध्याच्या एसटीत बसायचे आणि आंजीला उतरायचे. बसायचे हेही खोटंच. सीट असली तरी उभे. गाडी डेपोच्या बाहेर पडली की यांचं सुरू. मी एकदा आर्वीहून त्यांच्यासोबत आलो तेव्हा पाहिलं. आधी पैसेवाला ढीग. एक बाई म्हणाली, आमच्या खात्यात इथं येतेच की, त्यात अमेरिकेचं काय मोठं. तिचा नवरा म्हणाला, माह्या खात्यात कुठं येते? सुखदेवजी म्हणाले, तुमच्यासाठीच तर तो उभा आहे. मागच्या सीटवरचा एक शेतकरी चिडला. म्हणाला, "घरबसल्या पैसे भेटले त निंदाले कोन येईन? आत्ताच बाया भेटून नाई राह्यल्या. आमी काय तन पाहत बसाव?"

"पोट भरलं म्हून मानूस झोपत नाई," सुखदेवजी म्हणाले. "माह्याकडं पाहा. काम सुटलं, पन मी बसलो काय?"

"बसा न बाप्पा," ती बाई म्हणाली. "तुमचा हात माह्या डोक्यावर आदळून राह्यला."

मग दारवाला ढीग. एक जण म्हणाला, बरोबर आहे त्याचं, बाहेरचे कशाला पाहिजेत, आपल्याकडं संत्रा तोडायला बाहेरचे मजूर येतात ते तरी कुठं चांगलं. दुसरा म्हणाला, आणि आर्वीचे पोट्टे पुण्याला जातात ते काय पुण्याचे आहेत? यावरून दोघांचं जुंपलं. कंडक्टर तिकिटं सोडून मध्ये पडला, त्याचा भाऊ पुण्याला होता. आंजी आलं तेव्हा सुखदेवजी उतरले, आणि गाडीत भांडण तसंच पुढं वर्ध्याला गेलं.

माझ्या अंगणात ते चकरा मारत. मी खाटेवर, ते निंबापासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून निंबापर्यंत. एका बाजारी म्हणत, घ्यायचा दाढीवाला. दुसऱ्या बाजारी म्हणत, नाही घ्यायचा. मी विचारलं, काऊन? तर म्हणत, मूठ बदलली. त्यांचं एक म्हणणं मात्र कायम होतं. हे घरबसल्या पैसे आर्वीत मिळाले असते तर कोणाचीच मुलगी एवढ्या दूर गेली नसती.

"सुजाता गेली असती," मी म्हणालो. "तुमच्या चकरा पाहून पाहून गेली असती."

ते हसले नाहीत. त्यांच्या घरी तर त्यांना कोणी ऐकतच नव्हतं. इहीनबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, अमेरिकेचं राहू द्या, नळ आला तो पाहा. त्या बाईची पण मुलगी दूर होती, पण तिनं दुःख डब्यात घालून झाकण लावलं होतं. माझी बायकोही तशीच होती. माझ्याकडं आता तेवढंही बोलणारं कोणी नव्हतं, म्हणून शिव्या देत देत मी सुखदेवजींची वाट पाहायचो.

मग एकदा ते आले आणि फाटकातूनच म्हणाले, झाला फैसला. पैसेवाला ढीग चांगला आहे, दाणा टणक. पण दारवाला ढीग तळापर्यंत ओला. आणि दोन्ही ढीग एकाच गाडीत आहेत, एक घेतो एक ठेवतो असं करता येत नाही. म्हणून गाडी वापस. दाढीवाला पडला पाहिजे.

त्या दिवशी सकाळी मी बायकोची लुगडी उन्हात टाकली होती आणि परत पेटीत भरली होती. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हणालो, मला दारवाला ढीगच पसंत आहे. येऊ द्या त्याला निवडून. हाकलून देऊ द्या आपली पोरं. घरी तरी येतील.

सुखदेवजी चालायचे थांबले.

"इवाई," ते म्हणाले, "हाकललेलं लेकरू घरी येते. पन मान वर करून नाई येत. मले पोरगी पाह्यजे. हारलेली नाई पाह्यजे."

"मले कशीबी पाह्यजे," मी म्हणालो. "तुमचं घर भरलेलं हाय. इथं मले खांदा द्याले मानूस नाई."

त्यांनी चहा घेतला नाही. पुढच्या बाजारी एसटी आली, थांबली, ते उतरले नाहीत आणि गाडी पुढं गेली. मला ते गाडीत दिसले. उभे होते, माझ्याकडं पाठ करून.

रविवारी सकाळी मोबाईलवर सगळ्यांचं एकत्र बोलणं व्हायचं. एका चौकोनात अमेरिका, एका चौकोनात आर्वी, एका चौकोनात मी. त्या रविवारी सुजाताचा चेहरा उतरला होता. तिच्या दवाखान्यातल्या एका बाईचा परवाना अडकला होता. ती म्हणाली, बाबा, तो आलाच निवडून तर आम्हाला निघावं लागेल, मैत्रीची शाळा, घराचे हप्ते, सगळं अर्धवट. मी तोंड उघडणार होतो. माझ्या आधी सुखदेवजी बोलले. तोच बाजारातला आवाज, मोबाईल फाटतो की काय असा.

"तो पडते, बाई. मी सांगतो न. आयुष्यात ढीग पाह्याले चुकलो काय मी?"

ते बरेचदा चुकले होते. माझ्या सोयाबीनला ओल नव्हती. पण सुजाताचा चेहरा थोडा खुलला, म्हणून मी बोललो नाही. मला त्यांचा राग मात्र आला. वाटलं, या माणसाला फक्त जिंकायचं आहे. पोरं तिकडंच राहिली तरी चालेल, याचा आवाज खरा ठरला पाहिजे.

आणि दाढीवाला पडला.

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी अंगण झाडत होतो. पोरगा हसत होता. म्हणाला, बाबा, पडला तो, आता परवान्याचं होऊन जाईल, मग एकदा सुट्टी काढून येतो. दहावीचा निकाल लागला तेव्हा त्यानं असाच आवाज केला होता, आईच्या गळ्यात पडून. मी म्हणालो, चांगलं झालं बाबू. फोन ठेवला. खराटा हातात होता, पण कोणती बाजू झाडून झाली ते समजेना.

मी एसटी पकडली आणि आर्वीला गेलो. मला भांडायचं होतं. मनात पक्कं होतं की सुखदेवजी चौकात जिलेबी वाटत असतील आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत असतील की दाढीवाला मीच पाडला. चौकात ते नव्हते. बाजारात नव्हते. घरी गेलो तर दारात इहीनबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"वर हायेत," त्या म्हणाल्या. "सकायपासून वरच हायेत. चहा नाई, पानी नाई. तुमीच पाहा."

त्यांच्या माडीवर एक खोली होती, तिच्यात जुने गोणपाट पडलेले असायचे. मी दार ढकललं. गोणपाट गेले होते. भिंतींना गुलाबी रंग. नवा पंखा. एक मोठा पलंग, त्याच्या शेजारी लहान लेकराची खाट, तिच्यावर मच्छरदाणी बांधलेली. कोपऱ्यात नवं न्हाणीघर काढलेलं, त्यात गिझर, आणि खुर्चीसारखा इंग्लिश संडास, त्याच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. त्या झाकणावर, कपड्यानिशी, सुखदेवजी बसले होते. गुडघे हलत नव्हते.

मागून इहीनबाई आल्या. म्हणाल्या, उन्हाळ्यापासून मिस्त्री लावला होता. विचारलं तर म्हणत, किरायदार ठेवायचा आहे. "मी म्हटलं, एवढुशा खाटेवर कोन्ता किरायदार निजते?" एवढं बोलून त्या शेंगांकडं परत गेल्या. जिन्यावर मध्येच त्यांची पावलं थोडा वेळ थांबली होती.

भांडायला आलेला माणूस मी. उभाच राहिलो.

"तुमाले त तो पडाले पाह्यजे होता न?" मी विचारलं.

"होता."

"मंग हे कायले?"

सुखदेवजींनी गिझरच्या नळाला हात लावला, सोडला. म्हणाले, मैत्रीला तिकडच्या संडासाची सवय, तिला खाली बसता येत नाही म्हणतात. अचानक आली असती तर लेकराचे हाल झाले असते. मग म्हणाले, "तोंडानं त्याले पाडून राह्यलो होतो, इवाई. हातानं खोली बांधून राह्यलो होतो. रातून निजलो की दोन्हीतलं कोन्तं खरं ते मलेच समजे नाई."

"अन् आता?"

"आता पोरगी खूश हाय. फोनवर रडली खुशीनं." त्यांनी नळ बोटानं पुसला. "चांगलं झालं. ओला माल होता."

खाली कोणाची तरी सायकल गेली. मी लहान खाटेवर टेकलो, दुसरीकडं बसायला काही नव्हतं, मोठ्या पलंगावर नवी चादर होती आणि माझं धोतर एसटीतलं. खाट करकरली. मी म्हणालो की माझ्या घरी रात्री भांडं पडलं तरी कोणी विचारत नाही काय पडलं. हे मी आजपर्यंत कोणाला बोललो नव्हतो. पोराला तर नाहीच.

सुखदेवजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. पंख्याकडं पाहत म्हणाले, "तुमी येता काय इथं राह्याले? खोली तयारच हाय. पोट्टे सुट्टीत आले की आपुन खाली निजू."

"लोक काय म्हनतीन? लेकीच्या सासऱ्याले घरात ठेवलं म्हनतीन."

"म्हनू द्या. किरायदार हाय म्हनून सांगतो."

मी खाटेकडं बोट केलं. म्हणालो, "यावर माहे पाय मावत नाई."

"मोठा पलंग हाय न."

"तो पोरायचा हाय. त्याच्यावर मी नाई निजत."

तेव्हा ते उठले. खाटेजवळ आले, खाली वाकले आणि विती टाकत खाटेची लांबी मोजायला लागले. मध्येच जिन्यात तोंड घालून ओरडले की सुताराला निरोप धाडा, आजच्या आज पाहिजे. खालून इहीनबाई म्हणाल्या, आता काय पाडायचं राहिलं? सुखदेवजी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

मी हो म्हणालो नाही. पाय तेवढे लांब केले, त्यांना माप घेता यावं म्हणून.