वाट पाहण्याची लढाई आणि छडीबहाद्दरांची फत्ते

तमाम रसिक, श्रोते, आणि मैफलीत चुकीचे जागी टाळी वाजवून शेजाऱ्याकडे रागाने पाहणारे सज्जन, यांसी विदित व्हावे जे, मोठे वाद्यवृंदाचे दरबारी जो प्रसंग गुदरला त्याची खबर लोक आपापले सोयीने सांगतात, कोणी तिखटमीठ लावितो, कोणी मूळचे मीठही गाळितो, सबब साद्यंत हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. यात पदरचे काही नाही. आहे ते थोडके, आणि तेही शोभेपुरते.

वाद्यवृंदाचे थोरले संचालक बहुत पराक्रमी. त्यांचे छडीचा धाक ऐसा की, दालनात पाऊल पडताच कर्ण्यांत साचलेली थुंकी आपोआप बाहेर पडे. ऐसे रणधुरंधर, परंतु मैफलीचे दिवशी प्रातःकाळी डावे पायात मोजा चढवीत असता कंबरेत उसण भरली, आणि स्वारी पलंगावर आडवी जाहली. मग तेथूनच हुकूम सुटला की, आजची मोहीम नायबांनी चालवावी, आणि कोणी येऊन हा मोजा एकतर पुरता चढवावा, नाहीतर उतरवावा.

नायब म्हणजे आमचे छडीबहाद्दर. हा किताब कर्णेवाल्यांनी कुचेष्टेने दिला होता, परंतु यांनी तो मनापासून घेतला. उमर कोवळी, मिसरूड विरळ, आणि दरबारी कामगिरी म्हणावी तर खुर्च्या मांडणे, स्टँड सरळ करणे, आणि थोरले संचालक खोकले म्हणजे पाणी पुढे करणे. छडी होती, परंतु ती अद्याप आरशापुढेच चालली होती. न्हाणीघराचे दार लावून, रेकॉर्ड सुरू करोन, त्यांनी मोठमोठ्या फौजा हाकल्या होत्या, आणि ते समयी वडील बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून तिष्ठत उभे राहत. वडील दातांचे डॉक्टर. त्यांचे मत स्वच्छ होते. ते मातुश्रींस म्हणत, "वाजवायचं दुसऱ्यांनी आणि वाकून नमस्कार करायचा ह्यानं. असला धंदा मला का नाही सुचला?"

खबर येताच घरात एकच धांदल उडाली. मातुश्रींनी मामांचा काळा कोट काढिला. मामा अंगाने थोर, सबब बाह्या ऐशा लांब की, छडी हातात असता तिचे टोक तेवढे बाहेर दिसे, जैसा बिळातून उंदीर अंदाज घेतो. मग मातुश्रींनी टाचण्या लावून बाह्या आवरल्या, आणि आज्ञा केली की, हात फार वर करू नये, टोचेल. मोहिमेवर निघते वेळी ऐसी आज्ञा कोणा सेनापतीस जाहली नसेल.

तालमीचे दालनात फौज सज्ज होती. डावे बाजूस व्हायोलिनांची पागा, त्यांचे म्होरके मास्तर, केस पिकलेले, भुवई सदैव एकच चढलेली. उजवे हाती चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरावयाची थोर व्हायोलिने, त्यांत अग्रभागी चेलोवाल्या काकू, ज्यांनी चार संचालक आले गेले पाहिले आणि चौघांच्याही कोटांची बटणे शिवून दिली. मध्ये ओबो, म्हणजे विलायती सनई, ती फुंकणाऱ्या ओबोवाल्या बाई, मागे कर्णेवाले, आणि सर्वांत मागे नगारची. तो वाजवण्यापेक्षा थांबण्यातच आयुष्य घालवितो, आणि त्याचा त्यास अभिमान आहे. छडीबहाद्दर चौथऱ्यावर चढले, आणि सर्वांस आप, जी, कृपया, तसदीबद्दल माफी, ऐसे बोलोन इतुके लवले की कर्णेवाल्यांस वाटले, छडीच पडली असेल.

मग वृंदाचे कारभारी पुढे आले. तिकिटे, दिवे आणि दालनाच्या किल्ल्या यांची सत्ता यांचे हाती. त्यांनी फर्माविले की, सायंकाळचा मुख्य तुकडा दुपारपावेतो आरंभापासून शेवटापर्यंत एकदा जरी नीट गेला, तर चौथऱ्यावर नायब उभे राहतील, आणि न गेला, तर मास्तर खुर्चीत बसूनच वृंद चालवतील, आणि नायबांनी पुन्हा खुर्च्या मांडाव्या. हे ऐकून छडीबहाद्दरांनी बाह्यांच्या टाचण्या एकवार चाचपून पाहिल्या.

तुकडा चपळ चालीचा, घोडी दौडावी तैसा. नामी संचालकाचे हातून तो ऐसा जाई की, आरंभी ओतलेला चहा निवण्यापूर्वी संपे. छडीबहाद्दरांनी छडी उगारली, पाडिली, आणि फौज चालती जाहली. परंतु येथेच घात होता. मोठ्या वृंदाचा पिढीजाद दस्तूर ऐसा की, छडी आधी पडते आणि सूर किंचित मागाहून निघतो, जैसी वीज आधी आणि गडगडाट नंतर. आरसा कधी मागे राहत नाही, म्हणोन ही गोष्ट छडीबहाद्दरांस ठाऊक नव्हती. त्यांनी ऐकिले की सूर मागे आहेत, आणि स्वभाव भिडस्त, मनात आले, मंडळी दमली असतील, थोडे थांबावे. म्हणोन छडी जराशी सावकाश केली. फौजेने पाहिले की छडी सावकाश जाहली, तेव्हा नायबांची मर्जी संथ चालीची दिसते, म्हणोन तीही सावकाश जाहली, आणि तरीही किंचित मागेच राहिली. मग हे आणखी थांबले. मग ते आणखी थांबले. घोडी दौडत होती ती चालू लागली, चालत होती ती चरू लागली, आणि काही वेळाने बसली.

वरचे सज्जात झाडणाऱ्या मावशी तुकड्याचे तालावर झाडू मारीत होत्या, त्यांचा झाडूही हळूहळू मंदावून हवेत थबकला. ओबोवाल्या बाईंचा लांब सूर चालला होता, तो संपेना, आणि बाईंचा रंग आधी गुलाबी, मग तांबडा, मग वांग्यासारखा जाहला. नगारची दोन्ही काठ्या उगारून आपली पाळी येण्याची वाट पाहत होता, त्याचे दंडात पेटका आला. आणि मग सर्व थांबले. उभय पक्ष एकमेकांचे तोंड पाहू लागले, कोणीही आधी हलेना, आणि कोणीही चुकले नव्हते. ऐसी लढाई जगात क्वचित जाहली असेल, ज्यात दोन्ही बाजू सौजन्याने गारद जाहल्या.

कारभाऱ्यांनी घड्याळ पाहिले, आणि चहाची सुट्टी फर्माविली.

मधल्या बोळात मसलत भरली. कर्णेवाल्यांनी मत दिले की, दोन सुरांमध्ये एवढी सवड असेल तर दाढी करून येता येईल. मास्तरांची दुसरीही भुवई चढली, जे आजवर घडले नव्हते. छडीबहाद्दर भिंतीला टेकून उभे होते, आणि डोळ्यांपुढे खुर्च्या दिसत होत्या, रांगेने, रिकाम्या, मांडावयाच्या. तेव्हा ओबोवाल्या बाई, रंग मूळपदावर आलेला, त्यांचेपाशी आल्या आणि रोखठोक बोलल्या.

"अरे बाबा, तू आमची वाट बघतोस, आम्ही तुझी बघतो. मग निघायचं कोणी?"

"पण तुम्ही मागे राहता ना," छडीबहाद्दर म्हणाले.

"एवढी माणसं आहेत, राहणारच. तू पुढे हो. आम्ही येतो की मागून, जातो कुठे?"

"कळतंय हो बाई. पण कानावर पडलं, की हात आपोआप थांबतो."

यावर व्हायोला वाजविणारा एक उंच गृहस्थ, जो कधी बोलत नसे, बोलला, "मग ऐकू नका." हा गृहस्थ वर्षानुवर्षे कर्ण्यांचे अगदी पुढ्यात बसे, सबब कानांत स्पंजाचे पिवळे बोळे घालोन जगत असे, आणि घरीही काढीत नसे, म्हणोन त्याचा संसार सुखाचा होता. त्याने खिशातून कोरी जोडी काढून नजर केली. छडीबहाद्दरांनी ती दोन्ही कानांत ठासली, आणि जग गादीखाली गेल्यासारखे जाहले.

मग दुसरी चढाई. छडी उगारली, पाडिली, आणि हे निघाले ते निघालेच. मागे कोण आहे, किती आहे, आहे की चहा पिण्यास गेले, काही कळेना, म्हणोन थांबण्याचे कारणही उरले नाही. टाचण्या टोचत होत्या, टोचोत. फौज प्रथम दचकली, मग धावली, मग ऐसी दौडली की सज्जातल्या मावशींचा झाडू चाकासारखा फिरू लागला. तुकडा शेवटास गेला. कारभारी नकाराचा हात वर करीत होते, तो त्यांनी केस सारखे करण्यासाठीच वर केला होता ऐसे दाखविले. सायंकाळची सनद मिळाली. आपण कैसे वाजविले हे वृंदात सर्वांस ठाऊक होते, एका नायबांस सोडून.

सायंकाळी सभागृह भरले. तिसऱ्या रांगेत मातुश्री, शेजारी वडील, हाताची घडी घालोन, कोणाची दाढ तपासावी ऐसी नजर. छडीबहाद्दर कानांत बोळे घालोन चौथऱ्यावर चढले, आणि डाव्या पागेस इशारा देण्यास मान जी झटक्याने फिरविली, तो उजव्या कानातला बोळा उडाला, हवेत एक गिरकी घेतली, आणि चेलोवाल्या काकूंच्या चेलोला पोटावर जी वळणदार भोके असतात, त्यांपैकी एकातून आत गेला. काकूंनी चेलोकडे पाहिले. मग छडीबहाद्दरांकडे पाहिले. छडी तोवर पडली होती, आणि फौज निघाली होती.

आता अर्धे जग गादीखाली आणि अर्धे उघडे. उघड्या कानाने बातमी दिली की फौज मागे आहे. सवयीचा हात मंदावू लागला. पहिल्या ओळीत किंचित, दुसऱ्या ओळीत त्याहून किंचित, आणि मास्तरांची भुवई उचलली जाऊ लागली. वडिलांनी घडी सोडून हात गुडघ्यांवर ठेविले. येथे घोडी बसती, तर तमाम लोकांसमक्ष बसती, आणि छडीबहाद्दर पुन्हा चौथऱ्यावर दिसते ते केवळ त्यावर खुर्ची मांडण्यास. तेव्हा चेलोवाल्या काकू, वाजविणे न थांबविता, ओठ न हलविता, आईने भर पंगतीत मुलास दटावावे तैशा आवाजात बोलल्या, "हो पुढे. थांबलास तर याद राख."

छडीबहाद्दरांनी ऐकिले. सूर मागे आहेत हेही ऐकिले, सुरांस यावयाची इच्छा आहे हेही त्या दिवशी प्रथमच ऐकिले, आणि तरीही थांबले नाहीत. हात पुढे टाकिला. बाहीची टाचणी सुटली, बाही खाली आली, छडी बाहीत गडप जाहली, आणि पुढील सर्व युद्ध फौजेने एका काळ्या बाहीचे इशाऱ्यावर लढविले. ओबोवाल्या बाईंचा सूर वेळेवर संपला आणि रंग बदलला नाही. नगारचीने आपला प्रहार ऐसा दिला की, तिसऱ्या रांगेतल्या एका सद्गृहस्थांची कवळी हलली, आणि वडिलांनी ती व्यावसायिक नजरेने पाहून ठेविली. शेवटचा ठोका पडला. छडीबहाद्दर बाही खाली करोन उभे राहिले, आणि किंचित मागाहून समस्त फौज, एकही शिपाई न सांडता, मुक्कामी पोचली.

टाळ्या उठल्या. डाव्या कानात बोळा तैसाच होता, म्हणोन छडीबहाद्दरांस वाटले की उजवी बाजूच काय ती प्रसन्न आहे, आणि ते उजवीकडेच लवले, पुन्हा उजवीकडेच लवले. डाव्या बाजूचे श्रोते अपमान मानोन उभे राहिले आणि अधिक जोराने वाजवू लागले. हे पाहोन उजवे उभे राहिले. तंटा विकोपास जाणार, तोच मास्तरांनी उठोन नायबांस खांद्याला धरोन डावीकडे फिरविले, आणि तह जाहला.

कारभाऱ्यांनी त्याच जागी हुकूम केला की, थोरल्यांची कंबर सुधारेपर्यंत चौथरा नायबांकडे राहावा, खुर्च्यांसाठी दुसरा माणूस पाहावा. वडील पडद्यामागे आले, बाही गुंडाळून दिली, आणि कोणास नकळत पुसले, "दमला असशील ना रे?" तिकडे चार असामी चेलो उलटा धरोन हलवीत होत्या, आणि काकू वरून हुकूम सोडीत होत्या.

ऐसी ही फत्ते. छडीबहाद्दरांचे कारकिर्दीतला हा पहिला तुकडा, जो सुरू जाहला त्याच दिवशी संपला, हे दप्तरी नमूद असावे.