भ्यायला पैसं पडत न्हाईत

पासवर्ड टाकायची वेळ आली की सुभाषराव आख्ख्या ऑफिसला भिंतीकडं तोंड करायला लावतात. "फिरा!" एवढंच म्हणतात. मग हिशेब बघणाऱ्या काळेबाई, मी, चहाचा ट्रे घेऊन आलेला माणूस, सगळे निमूट वळतो. एकदा मॅनेजरसाहेब बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन आत आले, तर सगळं ऑफिस पाठमोरं उभं. पाहुण्यांना वाटलं, कुणीतरी गेलंय आणि आम्ही श्रद्धांजली वाहतोय. तेही हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले. सुभाषरावांचा पासवर्ड लांबलचक असतो, त्यामुळे श्रद्धांजलीही चांगली घसघशीत झाली.

मी एकदा गमतीनं म्हणालो, "सुभाषराव, समोरच्या कॅलेंडरवरचा गणपती बघतोय की सगळं."

"त्याचं चालतंय," ते गंभीरपणे म्हणाले. "त्याला आधीच म्हाईत असतंय."

आमचं पॅकहाऊस बारामतीहून इंदापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. द्राक्षं, डाळिंब, केळी इथून डब्यांत बसून परदेशी जातात. तिकडच्या खरेदीदाराला फळावर डाग चालत नाही, तसा आमच्या कॉम्प्युटरवरही चालत नाही. प्रत्येक लॅपटॉप, प्रत्येक फोन एका यंत्रणेत नोंदलेला पाहिजे. एका जागी बसून त्याला कुलूप घालता आलं पाहिजे, आणि हरवला तर आतलं सगळं पुसून टाकता आलं पाहिजे. ती एक जागा म्हणजे सुभाषरावांची खुर्ची.

गडी निरवांगीचा. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळे, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. त्यांच्या पडद्यावर आम्ही सगळे ठिपक्यांच्या रूपात राहतो. मशीन नीट असेल तर ठिपका हिरवा, काही राहिलं असेल तर लाल. एकदा ते तरातरा येऊन म्हणाले, "काळेबाई, तुमी लाल झालाय." बाईंनी घाबरून पर्समधला आरसा काढला.

त्यांचं एक वाक्य ऑफिसात पाठ झालेलं आहे. "भ्यावं माणसानं. भ्यायला पैसं पडत न्हाईत." आणि ते स्वतः फुकटात मिळेल तेवढं भ्यायचे. गेटजवळ कुणाचा तरी पेनड्राइव्ह पडलेला सापडला, तर त्यांनी कँटीनमधली सांडशी मागवून तो उचलला आणि पाण्याच्या बादलीत सोडला. नंतर बादलीही वापरू देईनात. एका अनोळखी ईमेलमध्ये "प्रिय सुभाष" असं लिहून आलं, तर म्हणाले, "मला प्रिय म्हणणारं कोण हाय? नक्की चोर." फोर्कलिफ्टवाल्यानं चेष्टेनं त्यांच्या मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. आम्हाला वाटलं, आता भडकणार. त्यांनी नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या. एक थर जास्त."

आम्ही हसायचो. पण मधे इंदापूरकडच्या एका कोल्ड स्टोरेजच्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी शिरलं आणि सगळ्या नोंदी कुलूपबंद करून बसलं. कुणाचा माल कुठल्या खोलीत, तापमान किती, काही दिसेना. मदतीला सुभाषरावांना बोलावलं, मीही सोबत गेलो. तिथला मालक, धिप्पाड माणूस, बंद पडद्यासमोर बसून दोन्ही हातांनी डोकं गच्च धरून होता. शेतकरी दारात येऊन बसले होते आणि कुणी मोठ्यानं बोलतही नव्हतं. परतताना सुभाषराव गाडीवर मागं बसून एवढंच म्हणाले, "बघितलं न्हवं?" त्या दिवसापासून "फिरा" म्हटलं की आम्ही न हसता फिरू लागलो. भीती अशी हळूहळू आमच्याही अंगात उतरली. मी घरी बायकोसमोरसुद्धा फोन उघडताना वळायला लागलो. त्यावरून जे झालं ते वेगळं.

यंदा द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असताना एका दुपारी स्नेहल आत आली. ही आमची शेतावर फिरणारी मुलगी. बागायतदारांचे सातबारे, आधारकार्डं, बँकेची पासबुकं, सगळ्यांचे फोटो ती कंपनीच्या फोनवर काढून आणते. चेहरा पार उतरलेला.

"सर, फोन पडला."

"कुठं?"

"पणदऱ्याकडनं येताना. बारामतीत आल्यावर बघितलं तर पिशवीत न्हाईच. मागं फिरून रस्ता बघितला सर, न्हाय दिसला."

सुभाषरावांनी "फिरा" म्हटलं नाही, तरी आम्ही फिरलो. कळफलकाचा आवाज ऐकू आला. मग ते म्हणाले, "कुलूप घातलं. त्याच्या पडद्यावर आपला नंबर टाकलाय. बंद न्हाय अजून, जिता हाय."

तेवढ्यात मॅनेजरसाहेब बाहेर आले. "मग पुसा की. वाट कुणाची बघताय? उद्या खरेदीदाराचे तपासणीवाले येणार. हरवला की तासाभरात पुसायचा, असं तुम्हीच आम्हाला शिकवलंय."

"व्हय साहेब, पुसतोच," सुभाषराव म्हणाले आणि त्यांनी माउसवर हात ठेवला.

"सर," स्नेहल टेबलाजवळ आली. "त्यात आमच्या अण्णांचा आवाज हाय."

अण्णा म्हणजे तिचे वडील. दिवाळीनंतर अचानक गेले. लिहिता-वाचता बेताचंच यायचं, म्हणून ते तिला आवाज पाठवायचे. रोज दुपारी. ते सगळे त्या फोनमध्ये होते.

"कंपनीच्या फोनवर घरचं काय ठिवू नये, हे मी सांगितलं हुतं का न्हवतं?"

"सांगितलं हुतं सर."

"दुसरीकडं उतरवून का न्हाय घेतलं?"

"त्यातनं बाहेर काय जातच न्हाय. तुमीच बंद केलंय."

सुभाषरावांनी पुन्हा पडद्याकडं पाहिलं. मी त्यांच्या मागंच उभा होतो. पडद्यावर बाण नेमका पुसायच्या लाल बटणावर होता, पण ते दाबत नव्हते. तो एक फोन कुणा लबाडाच्या हाती लागून उघडला गेला, तर पंचक्रोशीतल्या बागायतदारांची कागदं बाहेर जाणार. त्यात त्यांच्याच गावची माणसं, त्यांचे चुलतभाऊसुद्धा. आणि फोनची बॅटरी संपली किंवा कुणी बंद केला, तर मग पुसायचा म्हटला तरी हुकूम तिथवर पोचणार नाही. या माणसानं आयुष्यभर ज्याला घाबरायचं ठरवलं होतं, ते सगळं एकाच वेळी समोर येऊन बसलं होतं.

साहेब आत गेले. सुभाषरावांनी लॅपटॉप उचलला आणि हळूच मला विचारलं, "गाडीची चावी हाय का?"

मी त्यांना इतकी वर्षं बघतोय. वाऱ्याच्या झुळकेनं दार वाजलं तरी दचकणारा माणूस. तो हेल्मेट घालून, मांडीवर उघडा लॅपटॉप धरून माझ्या मोटारसायकलवर मागं बसला. बारामती ओलांडून आम्ही पणदऱ्याच्या रस्त्याला लागलो. "हळू चालवा" आणि "जोरात घ्या" ही दोन्ही वाक्यं ते एका दमात म्हणत होते. "हितंच दिसतंय. हललेलं न्हाय. बॅटरी उतरतीय." मग पुन्हा, "हळू, हळू!"

वाटेत साहेबांचा फोन आला. "पुसलं का?"

"व्हय साहेब," सुभाषराव म्हणाले. "काम चालू हाय."

फोन ठेवल्यावर बराच वेळ त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला खोटं बोलून धाप लागते, हे मला तेव्हा कळलं.

नकाशावरचं वर्तुळ कालव्याच्या कडेच्या एका उसावर येऊन थांबलं. माणसाच्या वर गेलेला, दाट ऊस. त्या आठवड्यात त्याच भागात बिबट्या दिसल्याची बोलवा होती. कुणाची तरी शेळी गेली होती, कुणाचं कुत्रं. गाडी बंद केल्यावर पाचोळ्याची सळसळ तेवढी ऐकू येत होती. आमच्या दोघांच्याही मनात एकच नाव होतं, पण ते घ्यायची हिंमत कुणालाच झाली नाही.

"वाजवून बघतो," सुभाषराव पुटपुटले आणि लॅपटॉपवरून त्यांनी फोनला आवाज करायला लावला.

उसातून कर्कश घंटा वाजायला लागली. आणि त्याबरोबर बांधावरून एक किंकाळी. "आलं गं बया, आता वरडाय लागलं!"

शेरडं राखणारी एक म्हातारी हातात काठी घेऊन लांब उभी होती. आम्हाला बघून तिला रडूच फुटलं. "म्या न्हाय काय केलं! वाटंला पडलं हुतं, उचललं, तर आपसूक उजेड पडला. काय लिवलंय ते मला वाचता येतंय व्हय? म्हनलं बाँबबिंब असंल. आत फेकून दिलं, अन् वरनं डोक्यावरची पाटी बी भिरकावली."

"काय न्हाय आजी, फोन हाय तो," मी म्हणालो. "काढून देता का?"

"म्या? त्या उसात? वाघरू हाय तितं!"

मग मी सुभाषरावांकडं बघितलं आणि सुभाषरावांनी माझ्याकडं. खरं सांगतो, माझा पाय उचलेना. तेवढ्यात त्यांनी लॅपटॉप माझ्या हातात दिला, गळ्याचं बटण सोडलं आणि म्हातारीच्या हातातली काठी मागून घेतली.

"सुभाषराव, खुळं का काय! इथनं पुसा आन् चला. कुणी काही म्हणणार न्हाय."

"तुमी वाजवत ऱ्हावा," ते म्हणाले आणि पानं बाजूला सारत आत गेले.

मी वाजवत राहिलो. आत पाचट मोडायचा आवाज येई, मग थांबे. मधेच काहीतरी जोरात पळालं. रानडुक्कर होतं की कोल्हा, देव जाणे. म्हातारीनं माझा दंड घट्ट धरला. मी हाका मारल्या, पण उत्तर नाही. घंटा वाजतेय, आणि माणसाचा पत्ता नाही. मग एकाएकी घंटा बंद झाली. मला वाटलं बॅटरी संपली, किंवा सगळंच संपलं.

ते बाहेर आले तेव्हा गालावर, मनगटावर पानांचे ओरखडे होते. चष्मा एका कानावर. फोन दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. म्हातारीनं त्यांच्यावरून बोटं मोडून दृष्ट काढली आणि आपली पाटी विचारली. पाटी आत राहिली होती. ती आणायला मात्र ते पुन्हा गेले नाहीत.

ऑफिसात आल्यावर ते थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं. "साहेब, मी पुसला न्हवता. खोटं बोललो. तपासणीवाल्यांना तसंच सांगा, मी सही करतो." साहेबांनी बरंच ऐकवलं आणि लेखी ताकीद देऊ म्हणून सांगितलं. सुभाषरावांनी मान डोलावली. "द्यायलाच पायजे साहेब. द्या."

मग त्यांनी स्नेहलला शेजारी खुर्चीवर बसवलं. स्वतःच घातलेलं एक कुलूप थोड्या वेळापुरतं काढलं, आणि अण्णांचे सगळे आवाज तिला तिच्या स्वतःच्या फोनवर घेऊ दिले. तेवढा वेळ ते स्वतः भिंतीकडं तोंड करून उभे होते. नीट आलंय का बघायला स्नेहलनं एक आवाज लावला. खोलीभर एका म्हाताऱ्याचा घोगरा आवाज पसरला. "स्नेहे, ऊन लई हाय गं. रुमाल बांध डोक्याला." स्नेहल तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. वळून बघतो तर सुभाषराव खोलीत नव्हते.

ते मागच्या बाजूला, रिकाम्या क्रेटच्या थप्पीवर बसले होते. मी चहा घेऊन गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आज लई धाडस केलंत बघा."

त्यांनी मान हलवली. चहा हातात तसाच. त्यांची बायको शाळेत शिक्षिका होती आणि मी इथं लागायच्या आधीच वारली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्यांनी कधी विषय काढला नव्हता.

"मंगल गेली," ते म्हणाले, "तवा तिचा फोन घरात तसाच पडला हुता. चालू. दहाव्याला माणसं यायची, जायची, पोरं हाताळायची. मला भ्याव वाटलं. तिचं बँकेचं, शाळेचं समदं त्यात. म्हनलं, मेलेल्या माणसाचा फोन उघडा ठिवू नये. म्या तो पुसला."

आत कुणीतरी क्रेट आपटले.

"वर्ष सरल्यावर एक दिवस वाटलं, तिचा आवाज ऐकावा. बोलली काय काय ते समदं ध्यानात हाय राजाभाऊ. कशावर हसायची, कशावर चिडायची. पर आवाजच येत न्हाय. लई जोर लावतो. ती बोलती, अन् ऐकू माझाच आवाज येतो."

त्यांच्या गालावरच्या ओरखड्यातून थोडं रक्त येत होतं. मी रुमाल पुढं केला. त्यांनी तो घेतला आणि डोळ्यांना लावला.