शब्दाचं मूळ गाव

उत्कर्षा साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. कायम व्हायचं तर संशोधनाला संस्थेची मान्यता हवी होती. विषय होता जर्मन, इंग्रजी वगैरे भाषांच्या आद्य पूर्वज भाषेतल्या एका शब्दाचा उगम. शब्दाचा अर्थ गुरंढोरं, आणि धनदौलतही.

संस्थेचे अध्यक्ष उदयसिंह, निवृत्त सुभेदार. त्यांनी विषय ऐकून घेतला आणि रीतसर विचारलं, "शब्दाचं गाव कुठलं?"

"सर, तो कुठंच लिहिलेला नाही. नातवंडांच्या तोंडावळ्यावरून पणजी कशी असेल ते ताडावं, तसा विद्वानांनी ताडलाय. आपल्या 'पशू'चा तो लांबचा भाऊबंद."

"भाऊबंद? मंग आपलाच की! जिल्ह्याशी संबंध दाखवा, लगेच ऑर्डर काढतो."

आधी पोटोबा, मग विठोबा. उत्कर्षानं प्रस्तावात लिहिलं, 'या भाऊबंदांचं मूळ गाव मेंढपाळांचं असावं.' पेपरात बातमी छापताना 'असावं' तेवढं गळून 'आहे' झालं.

लगोलग माण तालुक्यातल्या एका गावच्या वेशीवर फ्लेक्स लागला, 'जागतिक शब्दाचं जन्मगाव'. सरपंच धनाजीराव म्हणाले, "मेंढरं आमच्याकडं हायेत, म्हंजे शब्द आमचाच." मेंढरं शेजारच्या जिल्ह्यात जतकडंही होती. जतकरांनी रस्ता अडवला, मग माणकरांनीही अडवला. दोन्हीकडं पाण्याचे टँकर अडकले, पण अस्मितेपुढं तहान ती काय!

समेटासाठी संस्थेत बैठक बसली. उत्कर्षा भीत भीत म्हणाली, "अहो, हा शब्द आजवर कुणालाच सापडलेला नाही."

धनाजीराव ताडकन उठले. "सापडला न्हाई म्हंजे हरवला. हरवला म्हंजे कुणीतरी पळवला. मॅडम, तुमी फकस्त त्या जर्मनांची नावं सांगा!"

भांडण तिथंच मिटलं. माण आणि जत एक झाले, आणि शब्द परत आणेपर्यंत संस्थेच्या आवारात त्याचं स्मारक उभारायचं ठरलं.

अनावरणाला मांडव खच्चून भरला. उदयसिंहांनी पडदा ओढला. शिळेवर अध्यक्षांचं नाव होतं, सरपंचांचं होतं, जतच्या पाहुण्यांचं होतं, मांडववाल्याचंसुद्धा होतं. शब्द तेवढा नव्हता. उत्कर्षाला स्वतःचीच लाज वाटली. ती बोलायला उठली, तेवढ्यात अध्यक्षांनी तिच्या हातात कायम नेमणुकीची ऑर्डर ठेवली. ती खाली बसली आणि तिनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

तो शब्द कोणता, हे त्या मांडवात एकानंही विचारलं नाही. तुम्हीही इथवर वाचत आलात, त्या मंडळींना हसलात. तुम्ही तरी कुठं विचारलंत?