झुंबररावांनी देश बदलला

मोबाइलला घाबरायचं काय कारण, हे झुंबरराव गायख्यांना कधी कळलंच नाही. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. ज्या बोटांनी तोफेची दुर्बीण फिरवून डोंगराआडचं निशाण टिपलं, त्या बोटांना काचेवर टिचक्या मारणं काय अवघड, असं ते इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सगळ्यांना सांगत. कोणाचा फोन अडला की मंडळी तो बिनदिक्कत त्यांच्या हातात द्यायची. फोन सुरू व्हायचा. कधीकधी त्यातले फोटो कायमचे निघून जायचे, पण फोन सुरू व्हायचा.

त्यामुळे दिवाळी झाल्यावर हॉलंडहून लेकीचा, तेजलचा, फोन आला आणि ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला नाही जमायचं ते," तेव्हाच खरं तर पुढचं सगळं ठरून गेलं.

गोष्ट नातवाची होती. साई नुकताच तिथल्या शाळेत जायला लागला होता आणि शाळेच्या सुगीच्या कार्यक्रमात त्याला नाटकात काम मिळालं होतं.

"कशाचं काम?" झुंबररावांनी विचारलं.

"कांद्याचं."

झुंबरराव मूळचे सायखेड्याचे. आजा कांद्यात गेला, बाप कांद्यात गेला, आणि त्यातून सुटायला ते स्वतः फौजेत गेले. आता घराण्यातलं पहिलं पोर सातासमुद्रापार शिकायला गेलं, तर तिथेही कांदाच झालं. त्यांना भरून आलं.

"तिथं कांद्याला काय म्हणतात गं?"

"आउ."

"विळीवर बोट कापल्यावानी," मागून कलाबाई म्हणाल्या. "कधी हाय नाटक? आम्हाला दिसंल का?"

इथे अडचण होती. नाटक थेट दिसणार होतं, पण फक्त शाळेच्या अ‍ॅपवर. तेजलने आजी-आजोबांची नावं शाळेत देऊन ठेवली होती. झुंबररावांनी त्याच दुपारी फोनमधलं अ‍ॅपचं दुकान उघडलं, शाळेचं नाव टाकलं, आणि उत्तर आलं: हे अ‍ॅप तुमच्या देशात उपलब्ध नाही.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. झुंबररावांनी चष्मा पुसला आणि सेटिंगमध्ये शिरले. खाली, आणखी खाली, कोणी फिरकत नाही अशा एका कोपऱ्यात त्यांना 'देश' असं लिहिलेलं सापडलं. पुढे होतं, 'भारत'. आणि त्याच्यापुढे, 'बदला'.

बदलायला तिकडच्या पत्त्याचं कार्ड लागत होतं. त्यांनी जावयाला फोन लावला. ज्ञानेश ऑफिसात होता. सासऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून त्याने जिन्यात जाऊन दबक्या आवाजात कार्डाचा नंबर सांगितला.

"पण बाबा, नीट वाचा हं. एकदा देश बदलला की वर्षभर परत बदलता येत नाही म्हणे."

"परत कशाला बदलायचाय? साई काय यंदाच शाळेत आहे का?" असं म्हणून झुंबररावांनी बटण दाबलं.

फोनमधलं दुकान क्षणभर पांढरं पडलं आणि मग परक्या बोलीत उघडलं. सायकलींची अ‍ॅप, पावाची अ‍ॅप, आगगाड्यांची अ‍ॅप. एकही अक्षर कळत नव्हतं. झुंबररावांना आपण विमानातून उतरल्यासारखं वाटलं. शाळेचं अ‍ॅपही आलं. त्यांनी कलाबाईंना हाक मारली आणि फोन पुढे धरून सांगितलं, "झालं. आपण आता हॉलंडचे."

कलाबाईंना त्यातलं जेवढं कळलं, तेवढं त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात साधनाताईंना सांगितलं. साधनाताई बिल्डिंगच्या सेक्रेटरी. त्या कोथिंबीर निवडता निवडता ऐकत होत्या.

"ह्यांनी देश बदलला."

साधनाताईंच्या हातातली काडी तशीच राहिली. "काय सांगता? कधी?"

"काल दुपारी. जेवण झाल्यावर."

"इतक्या पटकन होतं?"

"जावयाचं कार्ड लागलं, बाकी काय नाय."

"आता परत?"

"वर्षभर तरी नाय. हे म्हणले, परत यायचंच कशाला. साई हाय ना तिकडं."

"आणि तुम्ही?"

"माझं काय बाई. माझा फोन जुना हाय. मी इथंच."

साधनाताईंनी कलाबाईंचा हात हातात घेतला. या वयात नवऱ्याने असं करावं, आणि बाईने ते इतक्या शांतपणे सांगावं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी निवडलेली सगळी कोथिंबीर कलाबाईंना देऊन टाकली.

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगला कळलं होतं. तळमजल्यावरच्या एकाने फ्रीज विकणार का म्हणून विचारलं. एक गृहस्थ सहज आल्यासारखे आले आणि हॉलची लांबी पावलांनी मोजून गेले. जॉगिंग ट्रॅकवरच्या मंडळींनी तर शाल-श्रीफळ देऊन टाकलं. झुंबररावांना वाटलं, आपण देश बदलायची युक्ती शोधून काढली म्हणून सत्कार आहे. त्यांनी दोन शब्दही बोलून घेतले. "मनात आणलं तर कोणालाही जमतं," ते म्हणाले, "फक्त मागचा विचार करायचा नाही." मंडळी चपापून एकमेकांकडे बघत राहिली.

देवळाली कॅम्पात बातमी पोचायला आणखी एक दिवस लागला. तिथे लियाकत शेख राहायचा. झुंबररावांच्याच तोफेवर गोळे भरणारा, आता गुडघ्यांनी बेजार झालेला जुना दोस्त. तो स्कूटर घेऊन इंदिरानगरला आला, तीन जिने चढला आणि दारातच उभा राहिला.

"ये की. बस. कला, चहा टाक."

"चहा नको. सांग फक्त. सच है क्या?"

"काय?"

"तू देश बदलला."

झुंबररावांचा चेहरा खुलला. "तुझ्यापर्यंत आलं का? बदलला. हॉलंड केला."

लियाकतने दाराची चौकट धरली. "इधर क्या कम था?"

"इथे ते मिळत नाही ना. किती शोधलं. म्हणे तुमच्या देशात नाही."

"म्हणून सोडायचा?"

"मग काय करणार? नातवासाठी करावं लागतं."

"मनाला काही वाटलं नाही?"

झुंबररावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "बोट जरा दुखलं. बटण लगेच दाबलं जात नव्हतं."

ज्या माणसाबरोबर बर्फात एका घोंगडीखाली रात्री काढल्या, त्याच्याकडे लियाकतने एकदा डोळे भरून पाहिलं आणि कठडा धरून जिने उतरला. त्याचे गुडघे दुखत असतील, म्हणून चहाला थांबला नाही, असं झुंबररावांना वाटलं.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा परीक्षेचा महिना. आपण जिवंत आहोत हे सरकारला दाखवावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. बाकीचे लोक त्यासाठी बँकेत रांगा लावत. झुंबरराव घरी खुर्चीत बसून, फोनसमोर चेहरा धरून, दोनदा पापण्या मिटून जिवंत ठरत आणि मग दिवसभर ते सांगत फिरत. यंदा त्यांनी ते अ‍ॅप उघडलं, तर त्याने सांगितलं की हे जुनं झालंय, आधी नवं घ्या. नवं घ्यायला ते दुकानात गेले. दुकानाने त्या परक्या बोलीत काहीतरी कळवलं. त्यांनी ते तेजलला वाचून दाखवलं.

"बाबा, त्यात म्हटलंय की हे अ‍ॅप तुमच्या देशात उपलब्ध नाही."

"पण माझाच देश आहे की हा."

"आता नाहीये ना. तुमचा हॉलंड आहे."

झुंबररावांना जावयाचं म्हणणं आठवलं आणि ते खुर्चीत जरा सावरून बसले. मग विजेच्या बिलाचं अ‍ॅप उघडून पाहिलं. तेही जुनं झालं होतं. गॅसचंही. आपल्याच घरात ते एकाएकी पाहुणे झाले होते. कलाबाईंना त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. "जरा कॅम्पात जाऊन येतो, बँकेतली लोकं भेटतील," म्हणाले आणि बस पकडली.

बँकेत रांग दारापर्यंत होती. सगळे जुने फौजी. झुंबररावांना पाहिल्यावर गप्पा थांबल्या. एरवी 'या हवालदारसाहेब' म्हणणाऱ्यांनी छताच्या पंख्याकडे पाहायला सुरुवात केली. रांगेत पुढे लियाकतही होता. त्याने पाठ फिरवली.

खिडकीशी मनीषा नावाची मुलगी होती. ती झुंबररावांना चांगली ओळखत होती. तिने आवाज खाली आणला.

"काका, तुमचं इथे नाही होणार बहुतेक."

"का?"

"परदेशातल्या लोकांना तिथल्या वकिलातीतून हयातीचा दाखला आणावा लागतो."

"कोण परदेशातलं? मी तुझ्यासमोर उभा आहे."

"ते दिसतंय काका. पण लियाकतचाचा सांगत होते, तुम्ही नागरिकत्व सोडलं म्हणून. तसं असेल तर आधी वर विचारावं लागेल मला."

झुंबरराव वळले. सगळी रांग त्यांच्याकडे पाहत होती, आणि त्या नजरा त्यांच्या ओळखीच्या होत्या. परेडला बूट न घासता आलेल्या जवानाकडे ते स्वतः असंच पाहत. मग एकेक सगळं उलगडलं. फ्रीज, हॉलची लांबी, शाल, श्रीफळ, लियाकतचा न घेतलेला चहा. त्यांचे कान तापले.

"लियाकत," ते म्हणाले, "मी फोनचा देश बदललाय."

"काय?"

"फोनचा. आत ते अ‍ॅपचं दुकान असतं ना, त्याचा. साईचं नाटक बघायला. तो कांदा झालाय."

कोणाला काही कळलं नाही, म्हणून त्यांना पहिल्यापासून सांगावं लागलं. दुकान, कार्ड, बटण, सगळं. ज्यांना ते रोज फोन शिकवायचे त्यांच्यासमोर, बँकेच्या मधोमध. सांगून संपलं तेव्हा मागून एक म्हातारा म्हणाला, "मग परत भारत कर की."

"वर्षभर होत नाही."

आधी मनीषा हसली. मग रांगेत हशा पसरत दारापर्यंत गेला आणि दाराबाहेरच्यांनी तो कशाबद्दल आहे हे विचारून घेतलं आणि तेही हसले. लियाकत हसला नाही. तो रांग सोडून मागे आला, झुंबररावांच्या खांद्याला धरलं आणि म्हणाला, "साले, मी दोन दिवस जेवलो नाही नीट."

मनीषाने मशीन पुढे सरकवलं. झुंबररावांनी त्यावर अंगठा ठेवला आणि चारचौघांसारखे, रांगेत उभे राहून, जिवंत ठरले.

नाटकाच्या दुपारी घर भरलं होतं. साधनाताई आल्या होत्या, लियाकत आला होता, हॉल मोजून गेलेले गृहस्थही संकोचाने मागे उभे होते. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. शाळेचं अ‍ॅप उघडलं, पडदा सरकला. एक गाजर आलं, दोन भोपळे आले, आणि मग गुलाबी कागदात गुंडाळलेला, डोक्यावर हिरवी पात लावलेला साई आला. त्याने समोरच्या गर्दीकडे पाहिलं, ओठ काढला आणि भोकाड पसरलं. त्याचं पाहून गाजर रडायला लागलं. मग भोपळे. शेवटी बाई येऊन सगळी भाजी आत घेऊन गेल्या.

"चांगला झाला कांदा," कलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "अस्सल."

तेवढ्यात फोन टुणकन वाजला. तेजलने तोच सगळा कार्यक्रम व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्या ग्रुपला टाकला होता. तो तर जास्तच स्वच्छ दिसत होता, आणि कलाबाईंच्या जुन्या फोनवरही दिसत होता.

कलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "म्हंजी हे असंबी आलं असतं?"

"आलं असतं," झुंबरराव तांब्या उचलत म्हणाले, "पण मागाहून आलं असतं."

मंडळी चहा पिऊन पांगली. लियाकत मात्र चपला घालण्यात फार वेळ लावत होता. सगळे खाली उतरल्यावर त्याने खिशातून आपला फोन काढला.

"झुंबर, आमची अरफा शारजाला आहे ना. तिच्या पोरीच्या शाळेचंपण असंच एक आहे म्हणे. इथे दिसत नाही."

"नको रे. वर्षभर परत येता येत नाही. पेन्शनचं अ‍ॅप बंद पडेल, बाकीचं बंद पडेल. माझं पाहिलंस ना?"

लियाकतने जिन्यात कोणी नाही ना, हे वाकून पाहून घेतलं आणि फोन पुढे केला.

"बदल तू. माझा हयातीचा दाखला परवाच झालाय."