नमुन्याचा राजीनामा

"आधीची नोकरी का सोडली?" बायकोने शर्टाच्या कॉलरवर इस्त्री दाबत विचारलं.

"सोडली नाही. सुटली," हेडक्लार्क म्हणाले.

"शून्य मार्क. पुन्हा."

बायको शाळेत शिकवायची, त्यामुळे घरातल्या साध्या गप्पांची तोंडी परीक्षा व्हायला वेळ लागत नसे. शिवाय आजचा विषय नाजूक होता. हेडक्लार्कांना घरात 'अहो' म्हणत आणि ऑफिसात 'हेडक्लार्क'. तीन महिन्यांपूर्वी यातलं दुसरं नाव गेलं आणि उरलेलं 'अहो' दिवसेंदिवस चढ्या आवाजात येऊ लागलं. वय अठ्ठेचाळीस. एवढ्या काळात मुलाखतीची बोलावणी आली ती तीन. पहिल्या दोन ठिकाणी त्यांनी या प्रश्नाला खरं उत्तर दिलं. एकीकडे मंडळींना वाटलं, हा काहीतरी काळंबेरं लपवतोय. दुसरीकडे त्यांना पाणी दिलं आणि घरी न्यायला कोणी येणार आहे का, असं हळू आवाजात विचारलं. आजची तिसरी. ही हुकली तर चौथी कुठून आणायची, हे कोणालाच माहीत नव्हतं.

"ताई, तू थांब," म्हणत मेहुणा पुढे सरसावला. मेहुण्याने आजवर सात नोकऱ्या सोडल्या होत्या, त्यामुळे या विषयात त्याच्या शब्दाला घरात वजन होतं. "भावोजी, खरं सांगायचंच नसतं. डोळ्याला डोळा भिडवून म्हणायचं, मला नवीन आव्हान हवं होतं. बास."

"पण मला नको होतं."

"कोणालाच नको असतं हो! पण म्हणायचं."

"आणि ती नमुन्याची रामकहाणी काढलीत ना," बायको इस्त्रीचा प्लग काढत म्हणाली, "तर घरी येऊ नका."

ती रामकहाणी इथे सांगून टाकलेली बरी. ज्यांचा विश्वास बसणार नाही त्यांनी खुशाल मागच्या दोन कंपन्यांच्या बाजूने उभं राहावं.

हेडक्लार्कांची कंपनी पाण्याचे पंप बनवायची. एकोणीस वर्षं तिथला प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून गेला. मग नवे मॅनेजर आले आणि येताना नवे फॉर्म घेऊन आले. नोकरी सोडणाऱ्याने भरायचा तो फॉर्म नंबर सतरा. त्यात 'नोकरी सोडण्याचे कारण' असा एक रकाना होता आणि लोक त्यात नुसतं 'वैयक्तिक' लिहून मोकळे होत. साहेबांना ते खपेना. "एक फॉर्म नीट भरा आणि नोटीस बोर्डावर लावा. कारण कसं लिहितात ते कळू दे लोकांना," असा हुकूम सुटला.

दुसरा कोणी असता तर त्याने अ. ब. क. असं काहीतरी नाव टाकून काम उरकलं असतं. पण नसलेल्या माणसाच्या नावाने कागद करणं हेडक्लार्कांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, स्वतःचा कर्मचारी क्रमांक लिहिला, आणि सहीशिवाय फॉर्म ओका दिसतो म्हणून सहीसुद्धा ठोकली. कारणाच्या रकान्यात बराच विचार करून, वळणदार अक्षरात लिहिलं, 'येथे माझे कोणी ऐकत नाही.' स्पष्ट, एका वाक्यात आणि रकान्यात नेमकं मावणारं. मग वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'नमुना' असं लिहून त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला आणि त्याच संध्याकाळी तापाने आडवे झाले ते आठवडाभर.

टायपिस्टबाई कामाला चोख. कुठल्याही फॉर्मवर पेन्सिलीची खूण राहता कामा नये, असं ऑफिसात परिपत्रक होतं. बाईंनी खोडरबर घेऊन 'नमुना' पुसला, वर फुंकर मारली आणि फॉर्म सहीच्या ट्रेमध्ये ठेवला. साहेब फोनवर बोलता बोलता कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करत, त्यात याच्यावरही झाली. ते परिपत्रक हेडक्लार्कांनीच काढलेलं होतं.

आठवड्याने ते कामावर गेले तर टेबलावर फुलांचा गुच्छ आणि खुर्चीत एक गुळगुळीत दाढीचा तरुण. "मी तुमच्या जागी," तो अदबीने उठून म्हणाला. हेडक्लार्क तडक साहेबांकडे गेले.

"साहेब, तो फॉर्म म्हणजे नमुना..."

"काही बोलू नका." साहेबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "वाचलं मी. कोणी ऐकत नाही! झोप उडाली हो माझी. बसा. आज मी ऐकतो."

आणि साहेब चाळीस मिनिटं बोलले. लहानपणी त्यांचंही घरात कोणी कसं ऐकत नसे, इथून सुरुवात झाली आणि तुमचा निर्णय मोडून मी तुमचा अपमान करणार नाही, इथे शेवट झाला. राजीनामा मागे घ्यायला फॉर्म नंबर अठरा लागतो, आणि तो अजून छापखान्यातून यायचा होता. संध्याकाळी निरोपसमारंभ झाला. "माझ्या हातून एक चूक झाली," अशी हेडक्लार्कांनी भाषणाला सुरुवात केली, तर "केवढा हा विनय!" म्हणून टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पुढचं कोणालाच ऐकू गेलं नाही. घरी परतताना त्यांच्या काखेत भिंतीवरचं घड्याळ होतं.

तर आजची मुलाखत कुलपं बनवणाऱ्या कंपनीत होती. टेबलापलीकडे तिघं बसले होते. मध्ये थोरले साहेब, डावीकडे विक्रीचे साहेब आणि उजवीकडे गुण लिहिणाऱ्या बाई. हेडक्लार्क हातांच्या खुर्चीत बसले. मूळ प्रमाणपत्रांची बॅग मांडीवर घट्ट धरलेली. इकडचं तिकडचं विचारून झालं आणि तो प्रश्न आलाच.

"आधीची नोकरी का सोडली?"

"नवीन आव्हान हवं होतं," हेडक्लार्क डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले.

"कसलं आव्हान?"

मेहुण्याने इथवरचंच शिकवलं होतं. टेबलावर एक कुलूप पडलं होतं, ते हेडक्लार्कांना दिसलं.

"कुलपांचं," ते म्हणाले. "लहानपणापासून वेड आहे मला कुलपांचं."

विक्रीच्या साहेबांचा चेहरा खुलला. आजवर असा उमेदवार आला नव्हता. "मग हे बघा आमचं नवं मॉडेल! काय वाटतं?"

वेड लागलेल्या माणसाने कुलूप हातात घेऊन नुसतं बघत बसणं बरं दिसलं नसतं. हेडक्लार्कांनी ते उलटसुलट केलं, कानाशी नेलं, आणि काहीतरी जाणकारासारखं करावं म्हणून बॅगेच्या मुठीतून आणि खुर्चीच्या हाताखालून त्याची दांडी घालून दाबली. खट्कन आवाज झाला आणि बॅग खुर्चीला जखडली.

"वा!" हेडक्लार्क म्हणाले. "किल्ली?"

"किल्ली नाही इथे. ती आमच्या सेल्समनच्या खिशात असते."

शिपाई सेल्समनला शोधायला गेला. बॅग तिथेच ठेवून बाहेर थांबा, असं बाईंनी सुचवून पाहिलं, पण मूळ कागद नजरेआड करणं हेडक्लार्कांना जन्मात जमलं नसतं. आता उमेदवार उठत नाही आणि विचारायला काही उरलेलं नाही, असा पेच पडला.

"बरं, आता खरं सांगा," थोरले साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले. "कुलपांचं वेड असलेला माणूस एकोणीस वर्षं पंपात काय करत होता?"

हेडक्लार्कांना बायकोची धमकी आठवली. पण नाहीतरी घरी जाता येईल असं दिसत नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. फॉर्म नंबर सतरा, पेन्सिल, खोडरबर, टाळ्या, घड्याळ. तिघांनी मध्ये न बोलता ऐकलं, आणि त्यांना फार बरं वाटलं.

"नमुन्याचा राजीनामा मंजूर होतो?" बाई म्हणाल्या. "काहीतरीच काय!" आणि त्यांनी कागदावर एक आकडा लिहिला. लिहिताना त्यांचा हात फक्त एकदाच गोल फिरला, हे हेडक्लार्कांनी पाहिलं. म्हणजे शून्य.

"असं करा, तुम्ही खुर्चीसकट त्या कोपऱ्यात सरका," थोरले साहेब घड्याळ बघत म्हणाले. "तोवर आम्ही पुढचा उमेदवार घेतो."

पुढचा उमेदवार आत आला. गुळगुळीत दाढी, अदबीचा चेहरा. कोपऱ्याकडे त्याची पाठ होती, पण हेडक्लार्कांनी ओळखला. त्यांच्याच खुर्चीतला त्यांचा वारसदार.

"पंपाच्याच कंपनीतून?" थोरल्या साहेबांनी अर्ज चाळला. "तीनच महिन्यांत का सोडली?"

"नवीन आव्हान..." वारसदार अडखळला. मग त्याने खांदे पाडले. "जाऊ दे सर. खरं सांगितलं तर तुम्हाला पटणार नाही. आमच्याकडे एक फॉर्म आहे. तो कसा भरायचा, याचा नमुना साहेबांना बोर्डावर लावायचा होता."

बाईंचं पेन थांबलं.

"स्वतःचं नाव घातलंत?" कोपऱ्यातून प्रश्न आला.

"हो. खोटं नाव कसं घालायचं?" वारसदाराने वळून पाहिलं आणि तो उभाच राहिला. "तुम्ही? तुम्ही तर स्वतःहून गेलात ना!"

"'नमुना' पेन्सिलीने लिहिलं होतं?"

"पेन्सिलीनेच. बाईंनी पुसलं. तसं परिपत्रक आहे म्हणे. कोणी काढलंय देव जाणे."

हेडक्लार्कांनी कुलपाकडे बघत विचारलं, "आणि कारण काय लिहिलंत?"

"जुन्या फायलीत तुमचाच फॉर्म सापडला, त्यावरून उतरवलं. फार सुबक वाक्य होतं. 'येथे माझे कोणी ऐकत नाही.' रकान्यात अगदी बरोबर मावतं."

"मावतं," हेडक्लार्क म्हणाले. "मग साहेबांनी बसवून घेतलं असेल. चाळीस मिनिटं?"

"पन्नास."

बाईंनी मघाचा आकडा खोडला. तेवढ्यात शिपाई किल्ली घेऊन आला.

पंधरा दिवसांनी कुलपांच्या कंपनीचं पत्र आलं. दोन्ही उमेदवारांची हकिकत तंतोतंत एक होती. पण वारसदाराच्या हकिकतीला साक्षीदार हजर होता आणि हेडक्लार्कांच्या हकिकतीच्या वेळी कोणी नव्हतं, शिवाय वारसदाराने कशालाही कुलूप घातलं नव्हतं. नोकरी त्याला मिळाली. बायकोने पत्र दोनदा वाचलं. तिला ओरडायचं होतं, पण नवऱ्याचा चेहरा बघून ती नुसती त्यांच्या शेजारी बसली.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "तोही तिथून सुटला, म्हणजे तुमची खुर्ची रिकामीच असेल की."

हेडक्लार्कांनी अर्ज केला. मॅनेजरसाहेबांनी त्यांना ओळखलं, प्रेमाने चहा पाजला, पण पद्धत म्हणजे पद्धत. समोर बसवून त्यांनी छापील प्रश्नावली काढली.

"आधीची नोकरी का सोडली?"

हेडक्लार्कांनी साहेबांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. चेष्टेचा मागमूस नव्हता.

"नवीन आव्हान हवं होतं," ते म्हणाले.

"छान. आणि इथेच का यावंसं वाटतं?"

"इथे माणसाचं ऐकून घेतात, साहेब."

साहेबांनी पुन्हा त्यांचे दोन्ही हात धरले. पुढचा तासभर ते बोलत होते, आणि बोलता बोलताच त्यांनी नेमणुकीच्या कागदावर सही केली.

सोमवारी हेडक्लार्क आपल्या खुर्चीत बसले. खुर्ची तीच, खिडकी तीच, टायपिस्टबाईंचं खोडरबरही तेच. टेबलावर साहेबांची चिठ्ठी होती. फॉर्म नंबर सतराचा नमुना अजून बोर्डावर लागलेला नाही, आज लावावा.

त्यांनी कोरा फॉर्म घेतला. खोटं नाव घालायचं नाही, हे तत्त्व अजून कायम होतं. थोडा विचार करून त्यांनी मॅनेजरसाहेबांचं पूर्ण नाव लिहिलं आणि सहीच्या दोन्ही जागा, सोडणाऱ्याची आणि मंजुरीची, मोकळ्या सोडल्या. कारणाच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं, 'येथे मी कोणाचे ऐकत नाही.' तेही नेमकं मावलं. मग वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'नमुना' असं लिहून त्यांनी तो फॉर्म टायपिस्टबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.